बसमधली चोवीस डोकी

१४ एप्रिल

ताई,

आधी शेवट सांगतो, मग गोष्ट. मुलगी सापडली, ठणठणीत आहे, आणि तिला आणायला परत गेलेले आम्हीच काय ते अर्धमेले झालो होतो. मुलगी म्हणजे तुझी बबडी नव्हे. बबडी इथेच पलीकडच्या खोलीत हाडांचे एक्स-रे पाठ करत बसली आहे. आता निवांत बसून वाच.

तू दर वेळी विचारतेस की आमच्या हवाई छात्र पथकात खरे सैनिक किती. एकही नाही. तेरा ते वीस वयाची पोरं दर शुक्रवारी संध्याकाळी गणवेश घालून येतात, कवायत करतात, नकाशे वाचायला आणि विमानाचे भाग ओळखायला शिकतात, आणि आम्ही मोठी माणसं हौसेने शिकवतो. मी दिवसभर चष्मे विकतो आणि शुक्रवारी फ्लाइट लेफ्टनंट आणि पथकप्रमुख असतो. माझ्या खालोखाल ज्या आहेत त्या शाळेत मुख्याध्यापिका. आमच्या सगळ्यांच्या वर विंग कमांडर आहेत, त्यांचं नळ आणि तोट्यांचं दुकान आहे. खांद्यावर एक हुद्दा, पथकात वेगळंच काम, आणि पोटासाठी तिसराच धंदा, असा आमचा कारभार.

बबडी गेल्या महिन्यात वीस वर्षांची झाली हे तुला मी सांगायला नको. वीस पूर्ण झाली की कॅडेट राहता येत नाही. घरी जा, नाहीतर मोठ्यांत ये. ती मोठ्यांत आली. कॅडेटांमधला सर्वांत वरचा हुद्दा तिच्या बाहीवर होता, तो उसवला, गणवेश परत केला, आणि गळ्यात हिरवं ओळखपत्र अडकवून ती आता बिनहुद्द्याची प्रशिक्षक झाली आहे. एका आठवड्यात माडीवरून थेट तळमजल्याला, आणि याला आमच्याकडे बढती म्हणतात.

तर रविवारी पोरांना ग्लायडरमध्ये बसवायला नेलं होतं. गवताची धावपट्टी, एक पत्र्याचं हँगर, आणि इंजिन नसलेली तीन विमानं. चोवीस कॅडेट आणि मोठे आम्ही तिघं: मी, मुख्याध्यापिकाबाई आणि बबडी. दिवस इतका सुरळीत गेला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. साडेचारला बाई आपल्या गाडीने निघून गेल्या, आम्ही बाकीचे बसने निघालो. अकरा किलोमीटर गेल्यावर माझा फोन वाजला. हँगरमधला मेकॅनिक म्हणाला, "साहेब, तुमची एक मुलगी इथे राहिली आहे. आमची काही हरकत नाही, पण तिचे प्रश्न संपत नाहीत."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बस वळवली. तेरा वर्षांची पोर, आम्ही तिला प्रश्नचिन्ह म्हणतो. हवेत पंख वाकतो तरी मोडत कसा नाही, हे विचारायला ती हँगरमध्ये परत गेली होती आणि उत्तर लांबलं. आम्ही पोहोचलो तेव्हा ती बिस्किटं खात होती आणि मेकॅनिक घाम पुसत होता. मला म्हणते, "सर, तुम्ही परत का आलात?" ताई, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला तो अजून तिथेच आहे, बाहेर काढायचं धाडस होत नाही.

निघण्याआधी दोन मोठ्यांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा कागदावर लिहायचा आणि दोघांनी सही करायची असा नियम आहे. कागदावर चोवीस लिहिलं आहे. खाली माझी सही आहे आणि बबडीची सही आहे. मोजण्यात कुठेतरी गडबड झाली. पोरीच्या आईवडिलांना मी स्वतः जाऊन सांगितलं, वरच्या कार्यालयालाही कळवलं. बघू काय म्हणतात ते.

मेहुण्यांना नमस्कार.

तुझा भाऊ

•

१९ एप्रिल

कप्तान,

तुझं पत्र दवाखान्यात कामावर असताना वाचलं. समोर चार माणसं दात धरून बसली होती आणि मी हातात कागद घेऊन "अगं बाई" म्हणत होते. डॉक्टरांना वाटलं माझीच दाढ दुखते आहे. पोर सापडली, बरं झालं. तिच्या आईच्या जागी मी असते तर तुझ्या दुकानाचा एकही चष्मा शाबूत ठेवला नसता.

तू म्हणशील, ताई फोन का करत नाही. फोनवर तू "हो हो, बरं बरं" करून निसटतोस. कागदावर निसटता येत नाही, निदान मला दिसतं तरी.

आता बबडीचं. माझं ऐक, मला तिचं नवल वाटत नाही. ती दुसरीत असताना एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी बूट घालून शाळेत गेली होती आणि संध्याकाळपर्यंत तिला पत्ता नव्हता. चौथीत तिला सहा अंडी आणायला पाठवलं तर पाच आणली आणि सहावं "असेल की" म्हणाली. अशा मुलीच्या हातात पोरं मोजायचं काम दिलंस, ही तुझी चूक. मोजायचं काम चुकलं ती तिची. मी तिला दोन पानी पत्र लिहिलं आहे आणि त्यात काहीही गोड लिहिलेलं नाही.

बावीस वर्षं तू त्या पथकात घालवलीस. आधी नुसता मदतनीस म्हणून, मग सार्जंट म्हणून, मग परीक्षा देऊन अधिकारी झालास, आणि पथकप्रमुख होऊन तुला सव्वा वर्ष झालं आहे. गल्लीतल्या पोरांना ओळीने उभं करायचास तेव्हापासून तुला हेच हवं होतं, ते मला ठाऊक आहे. तिच्या वेंधळेपणापायी त्याला गालबोट लागायला नको. तिला म्हणावं, आपणहून राजीनामा दे आणि अभ्यासाकडे लक्ष दे. मामाने डोक्यावर बसवली की असं होतं.

ताई

•

२४ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. बबडीला इतकं लावून बोलायची गरज नव्हती. तिने तुझं पत्र वाचलं, घडी करून पुस्तकात ठेवलं आणि दुपारी जेवली नाही. माझी बायको तिच्या बाजूने आहे, त्यामुळे घरात माझ्याशीही कोणी फारसं बोलत नाही.

चौकशी लागली आहे, पंधरा मेला. विंग कमांडर स्वतः बसणार आहेत. त्यांनी मला फोन केला होता, फार ताणणार नाही म्हणाले. दोघांचे लेखी जबाब मागवले होते, ते गेले. बबडीने एका ओळीत लिहून दिलं: मी चोवीस मोजले. मीही चोवीस लिहिलं.

ती नवीन आहे, लहान आहे, हे सगळे समजून घेतील. तू काळजी करू नकोस. दुकानात सध्या गर्दी आहे, म्हणून इतकंच.

तुझा भाऊ

•

२ मे

कप्तान,

तू मोठा झालास पण लपवायची तुझी पद्धत तीच आहे. काही लपवायचं असलं की तुला दुकानात गर्दी असते.

बबडीचं उत्तर आलं. माझ्या दोन पानांना तिने चार ओळी पाठवल्या. त्या तशाच उतरवते: "आई, तुझं पत्र मिळालं. चूक माझीच. माझा पहिला आकडा बरोबर होता, तो मी बदलायला नको होता. राजीनामा लिहून ठेवला आहे, चौकशी झाली की देईन. तू जेवत जा."

मी हे तीन दिवस वाचते आहे. चुकीचा आकडा बदलून बरोबर करणारी माणसं मी रोज बघते, दवाखान्यात पेशंटच्या वेळा लिहिताना हेच चालतं. बरोबर आकडा बदलून चुकीचा कोण करतं? आणि माझी मुलगी? हिने सहा वर्षांची असताना डॉक्टरांशी वाद घातला होता की दुखणारा दात हा नाही, शेजारचा आहे, आणि तोच निघाला. ती कोणाच्या सांगण्यावरून आपला शब्द फिरवणारी नाही. फक्त एका माणसाने सांगितलं तर फिरवेल. तेराव्या वर्षापासून ती ज्याच्या घरात राहते आहे त्याने.

यांच्या बदल्या होत होत्या म्हणून मी तिला तुझ्याकडे ठेवली. मला वाटलं दोन वर्षं, ती झाली सात. तेव्हा मी जे विचारते ते विचारायचा मला हक्क आहे की नाही हे मला माहीत नाही, तरी विचारते. त्या बसमध्ये तू तिला काय म्हणालास?

आणखी एक. मी तिच्या कॉलेजचा फॉर्म काढून बघितला. पुढच्या वर्षी तिला लहान मुलांच्या रुग्णालयात शिकायला जायचं आहे. त्यात एक रकाना आहे: मुलांच्या सुरक्षेच्या कारणावरून तुम्हाला कुठून कमी केलं आहे का. तुमच्या पथकाने तिचं नाव त्या कारणाने खोडलं तर तिला तिथे "हो" लिहावं लागेल. आयुष्यभर लिहावं लागेल.

फोन करणार नाही. लिही.

ताई

•

६ मे

ताई,

काय झालं ते सांगतो. तुझं पत्र येऊन दोन दिवस झाले, आज लिहायला बसलो.

ग्लायडरच्या दिवशी सगळे एकाच रंगाचे ओव्हरऑल घालतात, कॅडेट काय आणि मोठे काय. मी बसच्या मागच्या रांगेपासून मोजत पुढे आलो. बबडी तिसऱ्या रांगेत एका पोरीची अडकलेली चेन सोडवत बसली होती. मी तिच्या डोक्यावर बोट ठेवलं आणि तिलाही मोजलं. सात वर्षं मी तिला त्या बसमध्ये मोजत आलो आहे, ताई. बोट आपोआप गेलं. माझे चोवीस झाले आणि मी निश्चिंत झालो.

मग ती उठून दाराशी गेली आणि तिने मोजलं. म्हणाली, "सर, तेवीस."

आता आमच्याकडची एक रीत तुला सांगायला हवी. कॅडेटांमध्ये जो सर्वांत वरचा असतो, तो बाकीच्यांना मोजतो आणि शेवटी स्वतःचा एक मिळवतो. बबडी सुरुवातीला तो एक हमखास विसरायची. त्यावरून आम्ही तिला वर्षभर चिडवलं होतं. म्हणून मी हसून म्हणालो, "बबडे, स्वतःला धरायला परत विसरलीस का?" सगळ्या बसदेखत म्हणालो. पोरं हसली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो सर. चोवीस." आणि सही केली.

तिला धरायचंच नव्हतं. ती कॅडेट राहिलीच नव्हती, महिन्याभरापूर्वी मीच तिच्या गळ्यात ते हिरवं कार्ड घातलं होतं. तिचे तेवीस बरोबर होते. माझ्या चोविसात ती होती आणि प्रश्नचिन्ह नव्हती. दोघांनी वेगवेगळं मोजायचं ते एवढ्याचसाठी, की एक चुकला तर दुसऱ्याने धरावा. तिने धरला होता. मी तिला गप्प केलं.

हे मला केव्हा कळलं, तर बस वळवली तेव्हाच. तिलाही तेव्हाच कळलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं घरी गेल्यावर बोलू. घरी गेल्यावर वाटलं उद्या बोलू. मग विंग कमांडरांचा फोन आला. तो तुला मी अर्धाच सांगितला. ते म्हणाले, "मुलगी नवीन आहे, मोजण्यात चुकली. तिचं नाव यादीतून काढू, विषय मिटेल. तुम्ही बावीस वर्षं दिली आहेत, तुमचं पथक तुमच्याकडे राहील." मी त्यांना "नाही" म्हणालो नाही. "बघू" म्हणालो. त्याच दुपारी बबडीने स्वतः येऊन मला सांगितलं की तिने जबाबात चोवीस लिहिलं आहे. मला वाचवायला लिहिलं, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. तरी मी मान हलवली.

दिवसभर लोकांना विचारत असतो, खालची ओळ दिसते का. स्वतःच्या घरातलं मला दिसत होतं आणि मी बघत नव्हतो. मला माझीच किळस आली आहे, ताई. तुझ्या फॉर्मच्या रकान्याचं मला माहीत नव्हतं, पण ते माहीत नसणं ही काही सबब नाही.

काल बबडीला दुकानात बोलावलं आणि सांगितलं की पंधरा तारखेला मी खरं ते सांगणार आहे. मला वाटलं ती नको म्हणेल, मामा असं करू नकोस म्हणेल. ती म्हणाली, "तीन आठवडे लागले तुला?" आणि निघून गेली.

पथक जाईल, हे मला दिसतं आहे. जाऊ दे असं लिहितो, पण ते दोनदा खोडून मग लिहिलं हे तुझ्यापासून लपवत नाही.

तुझा भाऊ

•

१० मे

कप्तान,

पत्र मिळालं. मी फार रागावले आहे आणि रागाचं पत्र वेगळं लिहीन. पंधरा तारखेला उपाशी जाऊ नकोस, रिकाम्या पोटी तू घाबरतोस आणि घाबरलास की जास्त बोलतोस. जेवून जा. थोडक्यात सांग.

ताई

•

१६ मे

ताई,

जेवून गेलो. थोडक्यात सांगितलं. मिटलं.

मोठी खोली होती, टेबलाच्या पलीकडे विंग कमांडर आणि टिपणं घेणारा एक कारकून, अलीकडे एक खुर्ची. बबडी बाहेरच्या बाकावर होती. साहेबांनी तिचा एका ओळीचा जबाब वाचून दाखवला आणि माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी फक्त "बरोबर" म्हणायचं होतं. मी म्हणालो, "साहेब, हे खोटं आहे. तिने तेवीस मोजले होते. मी तिला चोवीस करायला लावले." आणि तुला लिहिलं तेवढंच सांगितलं, बोट कुठे ठेवलं तेही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मी तुम्हाला वाट काढून दिली होती."

मी म्हणालो, "हो. पण तीत ही मुलगी भरडली जात होती."

ते माझ्याकडे बघत राहिले. नळाच्या दुकानात गिऱ्हाईकाने चुकीचा पाना मागितला की ते असेच बघत असावेत. मग त्यांनी बबडीला आत बोलावलं आणि विचारलं, "तुझा आकडा बरोबर होता, तर बदललास का?"

"सर म्हणाले म्हणून."

"पुढच्या वेळी सर असंच म्हणाले तर?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तर सगळ्यांना खाली उतरवून परत मोजेन. सरांनासुद्धा."

कारकून हसला आणि मग हसलो नाही असं दाखवायला खोकला. साहेबांनी तिला खोटा जबाब दिल्याबद्दल चांगलं फैलावर घेतलं, दहा मिनिटं, आणि तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. नंतर निकाल सांगितला. तिचं नाव यादीत राहील, नोंद काही होणार नाही. तुझ्या त्या रकान्यात तिला "नाही" लिहायचं आहे, ताई. मी मुद्दाम दोनदा विचारून घेतलं. माझा हुद्दा राहील, पथक राहणार नाही. आजपासून मुख्याध्यापिकाबाई पथकप्रमुख. मी नकाशे शिकवायचे, तेही त्यांनी सांगितले तर.

आणि आता ऐक. मला वाटलं होतं बाहेर आल्यावर माझे हातपाय गळतील. तसं काहीच झालं नाही. मला भूक लागली. कोपऱ्यावरच्या हॉटेलात आम्ही दोघं बसलो, चहा आणि टोस्ट मागवला, आणि मी सहा टोस्ट खाल्ले. बबडीने चार आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलायला सुरुवात केली ती थांबेचना. कॉलेजमधल्या सरांची नक्कल केली, मामीच्या नव्या पडद्यांना नावं ठेवली. मध्येच म्हणाली, "मामा, मला तुझा फार राग आला होता." मी म्हणालो, "यायलाच हवा होता." त्यावर तिने माझ्या बशीतला टोस्ट उचलला.

संध्याकाळी बाईंकडे किल्ल्या आणि शिक्का दिला. त्यांनी घेतला आणि माझ्यासारखाच धास्तावलेला चेहरा केला, सव्वा वर्षापूर्वी मी केला होता तसा. मला त्यांची जरा दया आली. घरी आलो तेव्हा बायकोने विचारलं, कसं वाटतंय. मी म्हणालो, हलकं. मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं, पण खरं तेच होतं.

तुझा भाऊ

•

२१ मे

कप्तान,

रागाचं पत्र लिहायला बसले होते. अर्धं लिहून फाडलं, कारण लिहिता लिहिता लक्षात आलं की त्यातलं निम्मं मलाच लागू आहे.

तू तिला कॅडेट समजून मोजलंस. मी काय वेगळं केलं? तुझ्या पत्रात फक्त एवढंच होतं की दोघांच्या सह्या आहेत, आणि मी एका दमात ठरवून टाकलं की चुकली ती माझी मुलगी. तू नाहीस. पुरावा म्हणून माझ्याकडे काय होतं, तर दुसरीतले बूट आणि चौथीतली अंडी. त्यापुढची बबडी मला माहीतच नाही. ती तुझ्या घरात मोठी झाली आणि मी तिला सुट्टीपुरती बघत राहिले, आणि दर सुट्टीत तिला अजून तेराचीच समजत राहिले. हे लिहिताना मला रडू आलं, तेही सांगते.

परवा तिला फोन केला. हो, फोन केला. तिला म्हणाले, मी न विचारता तुला दोष दिला, मी चुकले. मग ती म्हणाली, "आई, तू हे लिहून पाठव. मला ठेवायचं आहे." तेव्हा आज दोन पत्रं लिहिते आहे, दुसरं तिचं.

तुला काय लिहू. तू तीन आठवडे गप्प बसलास ते मी लवकर विसरणार नाही, आणि मग जाऊन सांगितलंस तेही विसरणार नाही. पथक गेलं, मला वाईट वाटलं, खोटं का बोलू. पण त्या फॉर्मवर "नाही" लिहिता येईल हे वाचलं तेव्हा मी दवाखान्यातल्या फोनच्या टेबलाला टेकून उभी राहिले आणि पाच मिनिटं कोणाचीही वेळ लिहून घेतली नाही. कप्तान म्हणायचं मात्र मी सोडणार नाही. ते नाव कुठल्याही कार्यालयाने दिलेलं नाही, त्यामुळे त्यांना काढताही येणार नाही.

यांनी विचारलं आहे की नळवाले साहेब दुकानात सूट देतात का. मी त्यांना गप्प बसा म्हणाले.

ताई

•

१२ जून

ताई,

काल आमची पुन्हा ग्लायडरची फेरी झाली. वरून नवा नियम आला आहे: नुसतं मोजायचं नाही, नाव पुकारायचं, ज्याचं त्याने उत्तर द्यायचं आणि यादीवर खूण करायची. मोठ्यांनी दंडाला पिवळी पट्टी बांधायची, म्हणजे ओव्हरऑलमध्ये घोटाळा नको. मी पट्टी बांधली तर प्रश्नचिन्ह मला म्हणाली, "सर, तुम्हाला कशाला? तुम्ही मोठे आहात हे दिसतंच की."

मुख्याध्यापिकाबाईंनी बसची जबाबदारी बबडीवर टाकली होती. गणवेश नाही, हुद्दा नाही, हातात यादी आणि कानामागे पेन्सिल. परतीच्या वेळी मी सवयीने मागच्या रांगेपाशी जाऊन उभा राहिलो आणि बोट वर केलं. तेवढ्यात ती पुढून म्हणाली, "सर, तुम्ही बसा. मी बघते." मामा म्हणाली नाही, आणि आवाजही चढवला नाही. सगळी बस माझ्याकडे बघत होती. मी बसलो.

तिने एकेक नाव पुकारलं. एकोणिसाव्या नावाला उत्तर आलं नाही. बबडीने यादीवरून नजर उचलली, खिडकीतून बाहेर बघितलं आणि खाली उतरली. प्रश्नचिन्ह बसच्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसून ड्रायव्हरला ब्रेकबद्दल विचारत होती. बबडीने तिला वर आणून बसवलं आणि यादी पुन्हा पहिल्या नावापासून सुरू केली. पोरं कुरकुरली. तिने ढुंकूनही बघितलं नाही. मग खाली सही केली, बाईंना वेगळं मोजायला लावलं, त्यांची सही घेतली, आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.

बावीस वर्षांत त्या बसमध्ये मी कधी खिडकीशी बसलो नव्हतो. कायम उभा, नाहीतर मागे वळून बघत. काल मागे वळून बघायला काही कारणच नव्हतं. कोण आहे, कोण नाही, ते जिला माहीत असायला हवं तिला माहीत होतं. मी पाय लांब केले. बस फाटकाबाहेर पडायच्या आत मला झोप लागली.

जाग आली ती कोणीतरी खांद्याला हलवलं तेव्हा. बस पथकाच्या दाराशी उभी होती आणि आत चिटपाखरू नव्हतं. पोरं उतरली होती, आईबापांबरोबर घरी गेली होती, बाईही गेल्या होत्या. बबडी यादी घेऊन माझ्यासमोर उभी होती.

"ऊठ मामा," ती म्हणाली, "शेवटचा तूच राहिलास."

तुझा भाऊ